गफूर टेलरच्या पिच्चरचा शेवट

सरपंचताई, हेडमास्तर, खैरूनभाभी, आणि शाळेच्या ह्या व्हरांड्यात दाटीवाटीनं बसलेले माझे गावकरी हो.

मला बोलता येत नाही. नम्रता म्हणून सांगत नाही, खरंच येत नाही. बत्तीस वर्षं एसटीत काढली. आधी कंडक्टर, नंतर तिकीट तपासनीस. त्या नोकरीत माणसाला दोन वाक्यं आली की भागतं. 'पुढं सरका' आणि 'तिकीट दाखवा'. शोकसभेत ह्यातलं एकही कामाचं नाही. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. मधेच थांबलो तर पाण्याचा गिलास देऊ नका, मी आपोआप सुरू होईन.

गफूरभाईंना जाऊन आठ दिवस झाले. मागच्या बुधवारी दुपारी गणवेशाची बाही जोडता जोडता त्यांनी मशीनवर डोकं टेकवलं. भाभींना वाटलं, डुलकी लागली. त्यांनी पंखा थोडा तिकडं वळवला. नंतरचं तुम्हाला माहीत आहे. मातीला सगळं गाव होतं.

आता मुद्द्यावर यायच्या आधी एक बोलू द्या. माझा स्वभाव संशयी आहे, हे गावाला सांगायची गरज नाही. आमची ही म्हणते, देवळात प्रसाद दिला तरी तुम्ही हुंगून बघता. असंल. पण माझ्या मागचा हा फ्लेक्स बघा. हे गफूरभाई आहेत? हे काळेभोर केस कुणाचे? मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, त्यांच्या डोक्यावर केस मी कधी पाहिले नाहीत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असायची, तो चष्माच गायब. गाल तर असे की आत्ता हळद लागून राहिली. मी फ्लेक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, फोटो अंधुक होता, मोबाईलनं आपोआप साफ केला." अरे बाबा, फोटो साफ केला का माणूसच बदलला?

आणि माझ्या आधी जे बोलले, नाव घेत नाही, समोरच बसलेत, त्यांनी गफूरभाईंना 'समाजमनाचा दीपस्तंभ' म्हटलं. मोबाईलमधून वाचून राहिले होते. आपल्या गावात मुखेडच्या पुढं जाऊन समुद्र किती जणांनी पाहिलाय? दीपस्तंभ कुठून आला? तो शब्द तुमचा नाही भाऊ. मला बिनतिकिटाचा माणूस चढला की कळतं.

हसा, हसा. गफूरभाईंना चाललं असतं. खरं तर मी हे सगळं का बोलून राहिलो, ते पुढं कळंल. दुसऱ्यावर संशय घेत घेत मी माझ्यापर्यंत येणार आहे. थोडा वेळ द्या.

गफूरभाई टेलर होते, हे मोठ्या माणसांना ठाऊक. पोरांना मात्र ते पिच्चरवाले चाचा. दर पंधरा दिवसांनी सोमवारी ते नांदेडला जायचे. अस्तर, बटणं, दोऱ्याची रिळं, बक्रम, जे काय लागतं ते आणायला. सामान घेऊन झालं की तीनच्या खेळाला पिच्चर बघायचे. आणि मंगळवारी सांजच्याला, दुकान आवरलं की, ओट्यावर बसून तो पिच्चर सांगायचे. आज तुमच्यापैकी ज्यांच्या मांडीवर लेकरं आहेत, तेबी त्या ओट्यावर बसलेत. नाही म्हणू नका.

पिच्चर कसला? भुताचा. आणि बहुतेक वेळा एकच. कंपनीनं बनवलेली बाहुली. चालणारी, बोलणारी, घरात कुजबुजलेलं सगळं ध्यानात ठेवणारी, आणि मग एकेकाला गाठून मारणारी. मी एकदा विचारलं, गफूरभाई, कधी तरी लव्हस्टोरी सांगा की. म्हणाले, "साहेब, लव्हस्टोरी सांगितली तर पोरांच्या आया मला झोडपतील. बाहुली सांगितली तर पोरं दिवेलागणीला गुमान घरी जातेत."

सांगायचे कसं, आठवतं का? बाहुली चालायला लागली की ते पायानं मशीनचं पॅडल मारायचे. खडखड, खडखड. आणि एकदम बंद. पोरांचा श्वास तिथंच अडकायचा. बाहुली कुठं थांबली, ते सांगायचेच नाहीत. दोन काळी बटणं बोटांत धरून डोळ्यांपुढं आणायचे. बस. एवढ्यावर ह्या गावातली एक अख्खी पिढी भ्यायली. आणि ती बाहुली असायची अमेरिकेत, पण अमेरिकेत बोअर असायचा, सोयाबीन असायचं, आणि बाहुली दालमिलच्या मागं लपायची.

मी त्या ओट्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचो. ऐकायचो. आणि माझा स्वभाव मला गप बसू द्यायचा नाही. कारण प्रत्येक पिच्चरच्या शेवटी एक शिंपी यायचा. कुठंही असू द्या. जहाजावर बाहुली, तर जहाजावर शिंपी. दवाखान्यात बाहुली, तर दवाखान्यात चादरी शिवणारा म्हातारा. पोलीस हरले, मिल्ट्री हरली, ती बाहुली बनवणारा इंजिनेर मेला, आणि हा म्हातारा सुई-दोरा घेऊन आला की बाहुलीचा खेळ खलास. मी म्हटलं, "गफूरभाई, अमेरिकेत एवढे शिंपी?" ते म्हणाले, "का हो साहेब? कपडे तर तिकडंबी घालतेत ना?"

पोरं हसली. मीबी हसलो. पण मनात नोंद केली.

आता चार महिन्यांपूर्वीची संध्याकाळ. तुमच्यातले पुष्कळ जण तिथं होते, म्हणून मी इथं तुमच्यापुढं बोलून राहिलो, देवापुढं नाही.

त्या मंगळवारी त्यांनी सांगितलेला पिच्चर असा. एका मोठ्या घरातली मुलगी. कंपनीनं हुबेहूब तिच्यासारखी बाहुली बनवली. बाहुलीनं खऱ्या मुलीला गोदामात कोंडलं आणि तिचे कपडे घालून तिच्या जागी जेवायला बसली. आई ओळखीना, बाप ओळखीना. आवाज तोच, हसणं तेच, रुसणंबी तेच. मग मुलीचा वाढदिवस आला, आणि फ्रॉकचं माप घ्यायला शिंपी आला.

तुम्हाला गफूरभाईंची माप घ्यायची पद्धत माहीत आहे. छातीला टेप लावायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. सोडा." दोन्ही मापं बघायचे, मगच वहीत लिहायचे. त्या शिंप्यानंबी तेच केलं. टेप लावला. म्हणाला, श्वास घे बेटा. टेप हलेना. म्हणाला, सोड बेटा. टेप हलेना. गफूरभाई एकदम बारीक आवाजात म्हणाले, "शिंप्याला कळलं. पर त्यानं तोंडावर काय दिसू दिलं न्हाई. म्हणला, बेटा, मागं फिर, पाठीचं माप घ्यायचं हाय. अन् ती फिरली." आणि त्यांनी ब्लेड काढून हवेत वरून खाली एक टाका उसवला. एकच. पोरं किंचाळली.

माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? आणि अंगावर काटा आला म्हणूनच मला राग आला. हा म्हातारा आपल्याला गंडवून राहिला, आणि आपण गंडून राहिलो.

माझ्या खिशात नवा फोन होता. तोंडानं विचारलं की तोंडानं सांगणारा. निवृत्त झाल्यापासून मी त्याला सगळं विचारायचो. तुरीवर काय फवारावं, गुडघ्याला काय चोळावं, लातूरला पाऊस कधी. ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याला औशाच्या गाडीतून खाली उतरवलं, त्यानं ह्या फोनला एकदासुद्धा म्हटलं नाही की बाबा, तुझं तिकीट दाखव.

मी सगळ्यांसमोर फोन काढला, पिच्चरचं नाव सांगितलं आणि विचारलं, "ह्याच्या शेवटी शिंपी बाहुलीचं माप घेतो, हे खोटं आहे ना?"

फोन गोड आवाजात म्हणाला, "हो, तुमचं बरोबर आहे. या चित्रपटात असा कोणताही प्रसंग नाही."

आधी एक पोरगं हसलं. मग सगळे. कुणी तरी ओरडलं, "फेकू टेलर!" कोण ओरडलं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही, कारण सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

गफूरभाईंनी टेप गुंडाळला. बोटाभोवती, नेहमीसारखा, नीट. आणि म्हणाले, "मशीन म्हणतंय तर असंल साहेब."

बस. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी चहा झाला असता. पण ते आत गेले आणि दुकानाची फळी लावली.

त्यानंतर ते नांदेडला गेले, सामान घेऊन आले. मंगळवारी पोरं येऊन बसली. म्हणाले, "आता पिच्चर बघत न्हाई बाबांनो. डोळे दुखतेत." पुढच्या खेपेला निम्मीच पोरं आली. त्याच्या पुढं कुणीच नाही. पण ते नाव मात्र राहिलं. फेकू टेलर. नळावर बाया म्हणायच्या, शाळेत पोरं म्हणायची. भाभींनी ते ऐकलंय. चार महिने ऐकलंय. हो ना भाभी?

ह्या चार महिन्यांत मी रोज त्या दुकानावरून गेलो. रोज त्यांनी हाक मारली, "या साहेब, चहा घ्या." मी घेतला. पावसाचं बोललो, सरपंचपदाचं बोललो. एवढंच नाही, मी त्यांच्याकडं सदरा शिवायला टाकला. छातीला टेप लावून ते माझ्यापुढं उभे राहिले. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब. म्हणाले, "श्वास घ्या साहेब." घेतला. "सोडा." सोडला. त्या श्वासाबरोबर 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द बाहेर पडले असते तर काय बिघडलं असतं? नाही पडले. मी म्हणालो, बाही जरा ढिली ठेवा.

तोच हा सदरा.

थांबा. पाणी नको. म्हणालो ना, देऊ नका.

तर, मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी भाभींकडं गेलो. दारातच बसलो, आणि हे सगळं बोललो. म्हणालो, भाभी, तो पिच्चर खोटा होता हे मला माहीत होतं, पण चारचौघांत मी असं बोलायला नको होतं. बघा, तेव्हासुद्धा मी त्यांना खोटंच म्हणून राहिलो होतो. माफी मागतानासुद्धा.

भाभींनी डोळे पुसले, आणि हसल्या. म्हणाल्या, "अजी साब, झूट काय का? उनो पिच्चर पूरा देखेच कब? आधे में से उठ के आते थे ना. मुक्कामी गाडी निकल जाती थी."

मी तिथंच दारात बसून मनात वेळापत्रक मांडलं.

मंडळी, तीनचा खेळ सुटतो साडेपाच-पावणेसहाला. आपल्या गावात रात्री मुक्कामाला येणारी गाडी नांदेडच्या स्टँडवरून सुटायची पाच दहाला. टॉकीजपासून स्टँडपर्यंत सामान घेऊन चालत यायचं, म्हणजे साडेचारला उठायलाच पाहिजे. ती गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत गाव नाही. म्हणजे ह्या माणसानं आयुष्यात एकाही पिच्चरचा शेवट पाहिला नाही. एकाचाबी नाही! प्रत्येक खेपेला बाहुली जिवंत, घरातली माणसं कोंडलेली, आणि हा अंधारात पिशव्या उचलून, लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात बाहेर.

आणि त्या गाडीचा कंडक्टर कोण? मी. सात वर्षं मी. पाच दहाला घंटी कोण मारायचं? मी.

मग मला आठवलं. ते माझ्या मागच्या बाकावर खिडकीला बसायचे. पिशव्या मांडीवर. डोळे मिटलेले आणि ओठ हलून राहिलेले. मुदखेड फाट्यापासून मुखेडपर्यंत ओठ हलायचे. कधी मान हलवायचे, जसं काही कुणाला नाही म्हणून राहिले. कधी हातानं हवेत काही तरी कापायचे. मला वाटलं, हा माणूस तिकीट चुकवायला झोपेचं सोंग घेऊन राहिला. मी त्यांना एकाच खेपेत दोनदा तिकीट मागितलं. दोन्हीदा त्यांनी डोळे उघडून दाखवलं, आणि परत मिटले.

शेवट तिथं तयार होत होता हो! माझ्या गाडीत. मंगळवारी पोरं बसणार, पोरांना अर्ध्यात सोडून कसं चालंल? बाहुली जिवंत ठेवून लेकरांना घरी कसं पाठवायचं? म्हणून हा माणूस हादरे खात, डोळे मिटून, तिला मारायची तजवीज करायचा. त्याला बंदूक माहीत नव्हती, काम्प्युटर माहीत नव्हता. त्याला टेप माहीत होता, सुई माहीत होती. म्हणून शिंपी. मी त्याच्या पुढच्या बाकावर बसून हे सगळं घडताना बघितलं, आणि मला काय दिसलं? बिनतिकिटाचा प्रवासी.

आता शेवटचं. त्या दिवशी घरी येऊन मी फोन काढला. परत विचारलं, पण ह्या वेळेला वेगळं. म्हटलं, "त्या पिच्चरच्या शेवटी शिंपी बाहुलीचं माप घेतो, तो प्रसंग लई भारी आहे ना?"

फोन म्हणाला, "हो, तो या चित्रपटातला अतिशय प्रभावी प्रसंग आहे." आणि पुढं शिंप्याचं काम कुणी केलं, त्याचंबी नाव सांगितलं!

मी म्हटलं, अरे, चार महिन्यांपूर्वी तर नाही म्हणालास. तर म्हणतो, "माफ करा, माझ्याकडून चूक झाली. तुमचं बरोबर आहे."

मंडळी, त्या मशीनला 'माफ करा' म्हणायला एक सेकंदसुद्धा लागला नाही. आवाजात तसाच गोडवा. त्याला काही वाटलंच नाही, मग अडणार कुठं? मला वाटत होतं, लई वाटत होतं, आणि मला चार महिने पुरले नाहीत. तेवढ्यात माणूस गेला.

तो पिच्चर खरा कसा संपतो, मला आजही माहीत नाही. पोरं म्हणतात, काका, फोनवर दाखवतो. मला बघायचा नाही.

आणि आता माझा सगळ्यात मोठा संशय सांगतो. तो माझ्यावर आहे. मी इथं उभा राहून रडून राहिलो, तुम्ही म्हणाल, किती मोठं मन. नाही हो. समोर माणूस नाही, 'जा, नाही करत माफ' म्हणायला तो उठणार नाही, अशा वेळी चूक कबूल करणं लई सोपं असतं. गफूरभाई जिवंत असते तर मी आजसुद्धा त्यांच्याकडं चहाच पीत बसलो असतो. हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून त्यांची माफी मागायचा हक्क माझा गेला. राहिलं ते एवढंच. ज्यांच्यासमोर मी त्यांना खोटं पाडलं, त्या तुमच्यासमोर सांगतो. गफूर टेलर खोटं बोलत नव्हते. अर्धा पिच्चर ते बघून यायचे, आणि उरलेला आपल्या लेकरांसाठी करून आणायचे. आजपासून ह्या गावात त्यांना कुणी फेकू म्हटलं, तर त्यानं आधी माझ्या घरी यावं आणि मला म्हणावं. पोरांनो, तुम्हालासुद्धा सांगून राहिलो. काय? हाव म्हणा. मोठ्यानं म्हणा, भाभींना ऐकू जाऊ द्या.

भाभी, मला माफ करा असं मी इथं म्हणणार नाही. एवढी माणसं बघून राहिलीत, तुम्हाला हो म्हणावंच लागंल. तो तुमच्यावर जुलूम होईल. मी उद्या घरी येतो. एकटा येतो. तेव्हा तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. दार लावून घेतलं तरी चालंल, मी परवा परत येईन.

उभे राहा मंडळी. ज्याला फातेहा पढायची त्यानं पढावी, ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मी तर नाहीच.

सलाम, गफूरभाई.